फी अर्धी माफ, झोप पूर्ण गेली

पत्र असं आहे :

"मॅडम, मी नरखेड तालुक्यातला. नागपूरजवळ वानाडोंगरीला चौघं मिळून रूम केली आहे. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. घरी तीन एकर, त्यात संत्र्याची दोनशे झाडं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला १ लाख २० हजारांचा आहे. आम्ही ओबीसी, म्हणून ट्युशन फी अर्धी माफ आहे. पण मागच्या वर्षीची स्कॉलरशिप अजून जमा झाली नाही, म्हणून कॉलेज पूर्ण फी भर म्हणतं. बाबांनी व्यापाऱ्याकडून तीन रुपये शेकड्यानं ४० हजार उचलले. मी संध्याकाळी सहा ते रात्री एक, आठवड्याचे सहा दिवस जेवणाची डिलिव्हरी करतो. महिन्याचे अकरा हजारांच्या आसपास सुटतात. बारावीला ८१ टक्के होते, आणि आता तिसऱ्या सेमला एम-थ्री (गणित) आणि अजून एक विषय बॅक, म्हणजे राहिले. बाबा म्हणतात, होत नसेल तर सोड, बुटीबोरीत लाग; बहिणीचंही यंदा बारावी आहे, दोघांचं कुठून करू? त्यात वर्गातला एक जण सगळ्यांसमोर म्हणाला की स्कॉलरशिपवाले पोट्टे असेच, फुकटात मिळतं म्हणून अभ्यास करत नाहीत. तेव्हापासून वाटतं, स्कॉलरशिपनं खरंच कोणाचं भलं होतं का? का मी बाबांचा आणि सरकारचा पैसा वाया घालवतोय?"

बेटा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा नजर एम-थ्रीवर अडकली. दुसऱ्यांदा 'रात्री एक'वर. मग कागद घेऊन साधा गुणाकार केला : रोजचे सात तास, सहा दिवस, म्हणजे बेचाळीस. बुटीबोरीच्या कारखान्यात आठवड्याला अठ्ठेचाळीस तास भरतात. बाबा ज्या नोकरीत लाग म्हणतात, जवळपास तेवढी नोकरी तू आताच करतोस, आणि वरून इंजिनीअरिंग शिकतोस. दोनच विषय बॅक राहिले याचं मला आश्चर्य वाटलं, खोटं नाही सांगत.

मी कोण, हे नव्या वाचकांसाठी सांगते. नागपुरातल्या एका कॉलेजात सत्तावीस वर्षं स्कॉलरशिपच्या टेबलावर बसले. कागदी फॉर्मच्या गठ्ठ्यांपासून महाडीबीटीपर्यंत, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिष्यवृत्ती पोर्टलपर्यंत, सगळं हाताखालून गेलं. त्या टेबलावर बसून एक गोष्ट पक्की कळली : पैसा किती मिळाला यापेक्षा कधी मिळाला आणि मिळेलच अशी खात्री होती का, यानं पोरांचं जास्त बरंवाईट होतं. ऑगस्टात लागणारे दहा हजार पुढच्या मार्चात आले, तर मधल्या सात महिन्यांत पोराचं सेमिस्टर गेलेलं असतं.

आधी वर्गातल्या त्या पोट्ट्याचं बघू, कारण तोच काटा तुला जास्त रुतलाय. 'फुकट मिळालं की अभ्यास सुटतो' हे त्यानं एकट्यानं शोधलेलं नाही, स्टाफरूममध्येही मी ते ऐकलंय. पण हा प्रश्न तपासून पाहता येतो, आणि तो पाहिला गेलाय. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात २००८ पासून एका खासगी निधीतून सरकारी विद्यापीठांतल्या गरीब घरच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ३,५०० डॉलरची मदत सुरू झाली. पैसे सगळ्यांना पुरणारे नव्हते, म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी नावं काढली. त्यामुळे सारख्याच परिस्थितीतल्या पोरांचे दोन गट आपोआप तयार झाले, मदत मिळालेले आणि न मिळालेले. न मिळालेल्यांपैकी चार वर्षांत पदवी पूर्ण केली १६ टक्क्यांनी, मिळालेल्यांपैकी २१ टक्क्यांनी. फुकटच्या पैशानं आळस येत असता तर हे आकडे उलटे दिसले असते.

याच विद्यार्थ्यांच्या कामाच्या तासांचाही अभ्यास झाला. मदत मिळालेली पोरं आठवड्याला सरासरी पावणेदोन तास कमी काम करत होती. आकडा किरकोळ वाटतो, मलाही वाटला. पण कोणतं काम सुटलं ते पाहा. रात्रपाळी कमी झाली, भल्या सकाळचं काम कमी झालं, खूप जास्त तास राबणाऱ्यांची संख्या घटली. म्हणजे हातात जरा पैसा येताच पोरांनी सगळ्यात आधी काय परत घेतलं असेल, तर झोप. तुझ्या एम-थ्रीचा बॅक मला तिथेच दिसतो.

तरी १६ चे २१ झाले म्हणजे चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. शंभरातल्या ७९ जणांची पदवी मदत मिळूनही चार वर्षांत झाली नाहीच. नुसता पैसा सगळं करत नाही. न्यूयॉर्कच्या सरकारी महाविद्यालयांत एक योजना आहे. तिच्यात फीची तूट तर भरून देतातच, शिवाय प्रवासाचा पास, पुस्तकं, आणि ठरावीक दिवशी भेटलंच पाहिजे असा एक सल्लागार देतात. तिथे तीन वर्षांत पदवी घेणारे २२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेले, जवळपास दुप्पट. बसचा पास ही तिकडे पदवीची बाब धरतात. आपल्याकडे काटोलच्या स्टँडवर पासच्या रांगेत उभं राहून ज्याचं पहिलं लेक्चर बुडतं, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्या घराजवळची वाटेल. तामिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना संशोधकांनी पीक विकण्याआधी एकदा आणि पैसा हाती आल्यावर एकदा अशी तीच बुद्धीची कोडी घातली. माणसं तीच, पण पीक विकण्याआधीच्या ओढगस्तीत त्यांना ती कमी सुटली. तुमच्याकडे संत्र्याच्या आंबिया बहाराचा पैसा दिवाळीच्या पुढेमागे येतो, मृग बहाराचा त्यानंतर फेब्रुवारी-मार्चात. कॉलेजची फी मात्र ऑगस्ट-सप्टेंबरात. म्हणजे दरवर्षी पहिला मोठा खर्च घरी सगळ्यात खडखडाट असतानाच येतो, आणि नेमक्या त्याच महिन्यांत तुझं तिसरं सेम होतं. याला लायकी म्हणायची का, ते तूच ठरव.

आता कामाचं. यात मी जरा हुकूम सोडल्यासारखी लिहीन, टेबलावरची सवय आहे.

उद्या सकाळी पहिली गोष्ट, महाडीबीटीवर स्वतः लॉगिन कर. सायबर कॅफेवाल्याला विचारू नको, मित्राच्या मोबाइलवरही बघू नको. मागच्या वर्षीचा अर्ज कोणाकडे अडकला आहे ते तिथे दिसतं : कॉलेजच्या क्लार्ककडे, प्राचार्यांच्या लॉगिनला, का विभागाच्या डेस्कवर. माझ्या अनुभवात 'सरकारनं पैसे दिले नाहीत' म्हणून येणाऱ्या पोरांपैकी कितीतरी जणांचा अर्ज कॉलेजातच पडलेला असायचा, किंवा एखादा दाखला अस्पष्ट स्कॅन झाला म्हणून विद्यार्थ्याकडे परत आलेला असायचा, आणि पोरानं महिनोन्‌महिने लॉगिनच केलेलं नसायचं. चूक दोन मिनिटांची, पण वर्ष अडकून बसतं. अर्ज कॉलेजात अडकलेला असेल तर तोंडी विचारत बसू नको. एका पानाचा अर्ज लिही, आवक विभागात दे, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घे. शिक्का मारलेल्या कागदानं फायली कशा हलतात ते मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं पाहिलंय.

त्याच दिवशी आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग'ची स्थिती, म्हणजे आधारला कोणतं खातं जोडलंय ते, बघ. हे मी मुद्दाम सांगते. थेट लाभाचा पैसा तू फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. तो आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. माझ्याकडे एक मुलगी यायची, दीड वर्ष रडत. शेवटी तिच्या दोन्ही वर्षांचा निर्वाह भत्ता सापडला कुठे, तर गावी सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन उघडून दिलेल्या पेमेंट बँकेच्या खात्यात. तिला ते खातं आहे हेच माहीत नव्हतं. तुझं तसं नसेलही, पण बघायला काय जातं.

फीच्या पावत्या काढ आणि 'ट्युशन' व 'डेव्हलपमेंट' हे दोन रकाने वेगळे कर. तुझ्या योजनेत माफी ट्युशन फीच्या अर्ध्याची आहे. डेव्हलपमेंट फी त्यात येत नाही, ती तुला भरावीच लागेल. त्यावर कॉलेजशी भांडू नको, हरशील. पण सरकार देणार असलेला ट्युशनचा हिस्सा तुझ्याकडून आगाऊ मागायचा नाही, असं शासनानं संस्थांना वेळोवेळी बजावलेलं आहे. बोलायचं ते तेवढ्यापुरतं बोल, लेखी बोल आणि नम्रपणे बोल. हॉल तिकीट अडवायची भाषा झाली तर तीही लेखी माग. बहुतेक वेळा ती भाषा कागदावर उतरत नाही.

आता ज्यानं तुझे बेचाळीस तास कमी होऊ शकतात ते. ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना तू ऐकली आहेस का? तुझ्या पत्रात तिचं नाव नाही, म्हणून विचारते. ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या, वसतिगृहात जागा न मिळालेल्या आणि बाहेरगावाहून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी ती आहे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, तुझा दाखला त्याच्या निम्म्याचाही नाही. नागपूर शहरासाठी वर्षाला ६० हजार : भोजनाचे ३२, राहण्याचे २०, निर्वाहाचे ८. वानाडोंगरीला हाच दर लागतो का, ते कार्यालयात विचार. (अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी अशीच स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम. तुझ्या रूममधल्या बाकी तिघांनाही हे वाचायला दे.) जिल्ह्याला जागा मर्यादित असतात आणि निवड गुणांवर होते, म्हणून इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या कार्यालयात स्वतः जा, यंदाची तारीख आणि तुझ्या वर्षासाठीच्या अटी नोटिसीवरून उतरवून घे. उपस्थितीची अट असतेच. रात्री एकला घरी येणाऱ्याचं सकाळचं लेक्चर बुडतं, आणि मग मदतीसाठी लागणारी हजेरीच त्या डिलिव्हरीत जाते. हा फेरा तुला आतून माहीत असेल.

हा पैसा शहराच्या दरानं मिळालाच तर महिन्याला पाच हजार पडतात, पण तो महिन्याला येणार नाही, हप्त्यानं येईल आणि उशिरा येईल. म्हणून आतापासून एक सवय लाव : यायच्या पैशावर या महिन्याचा खर्च बेतायचा नाही. आला की तो पुढच्या ऑगस्टसाठी ठेवायचा. स्कॉलरशिप आल्या आल्या मोबाइल घेणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि घरचं खत-बियाणं घेणारीही. दुसऱ्यांना कोण काय बोलणार. पण फीचा हिस्सा तुझ्या खात्यात आला तर तो कॉलेजचा आहे, तो त्याच आठवड्यात भरून टाक.

व्यापाऱ्याचे ४० हजार. तीन रुपये शेकडा म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के, म्हणजे १४,४०० रुपये नुसतं व्याज. बाबांना हा आकडा तू कधी असा वर्षाचा करून सांगितलास का? महिन्याचे बाराशे ऐकायला हलके वाटतात. बँकेचं शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं. कॉलेजला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीए या दर्जा तपासणाऱ्या संस्थांची मान्यता असेल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर शिकत असतानाचं आणि त्यानंतरच्या वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं. शाखेचा मॅनेजर एकदा नाही म्हणेल. परत जायचं. मला कर्ज आवडत नाही, आमच्या घरात कर्ज म्हटलं की आई देवासमोर दिवा लावायची. पण तू कर्जात आताच आहेस, फक्त महागड्या.

बहिणीचं ऐक नीट, कारण तुझं मन तिथे अडकलंय आणि हिशोब चुकलाय. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, ट्युशन आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ आहे. तुझी अर्धी, तिची पूर्ण. म्हणजे तू कॉलेज सोडून तिच्या फीसाठी पैसे वाचवावेत, एवढी तिची फी उरतच नाही. तिचा खर्च राहण्या-जेवणाचा, आणि त्यासाठी तिचा वेगळा अर्ज. तिचे दाखले आताच काढायला लाव : उत्पन्न, जात, नॉन-क्रिमिलेअर, आणि जात पडताळणी तर बारावीचा निकाल लागायच्या आत. जूनमध्ये तहसीलसमोर जी रांग लागते तिच्यात तिला उभं करू नको.

आता सगळ्यात अवघड, डिलिव्हरी. एकदम सोड म्हणणं मला सोपं आहे, घरभाडं मी भरत नाही. पण या सेमचं असं करून बघ : सोमवार ते गुरुवार गाडी काढायची नाही. शुक्रवार, शनिवार, रविवार कर, ऑर्डरही त्याच दिवशी जास्त असतात, आणि रात्री अकराला बंद. मिळकत निम्म्यावर येईल. तूट पाच-साडेपाच हजारांची पडेल. ती भरायला वानाडोंगरीतच नववी-दहावीच्या चार पोरांची गणिताची शिकवणी बघ, संध्याकाळी दीड तास. ८१ टक्केवाल्याकडे आईबाप पोरं पाठवतात. कॉलेजात 'कमवा आणि शिका' सुरू आहे का तेही विचार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजवलेली ही रीत, तास कमी आणि काम कॅम्पसमध्येच. पैसे थोडे मिळतात, पण पेट्रोल जळत नाही. तरीही दोन हजार कमी पडले तर दिवाळीच्या बागेच्या पैशातून बाबांकडे तेवढेच माग, आणि कशासाठी ते तासांच्या भाषेत सांग : "बाबा, या दोन हजारांत माझ्या महिन्याच्या बारा रात्री परत येतात."

बाबांशी बोलताना लायकीबियकी काढू नको. त्यांनी तुला बुटीबोरीत लाग म्हटलं ते रागानं नसावं. दोनशे झाडांच्या बागेवर दोन लेकरांचं शिक्षण तोलणारा माणूस फळगळती लागली की असंच बोलतो. त्यांच्यासमोर वरचा हिशोब कागदावर मांड : व्याजाचे १४,४००, बहिणीची माफी, आधार योजनेची रक्कम, बॅकचे दोन विषय आणि त्यांच्या परीक्षेची तारीख. शेतकरी माणसाला कागद कळतो, उगाच दिलेला धीर कळत नाही.

आणि समजा काहीच जमलं नाही, एक वर्ष थांबावंच लागलं, तर? तर थांबणं आणि सोडणं वेगळं ठेव. दीक्षाभूमीवर तू गेलाच असशील. बाबासाहेबांना सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला जाता आलं. पुढे लंडनचं शिक्षण अर्धवट असतानाच मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परत यावं लागलं. निघताना त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने घेतले, १९२० मध्ये परत गेले. मला यात त्यांच्या बुद्धीपेक्षाही ती परवानगी जास्त आठवते. तुझ्यावर वेळ आलीच, तर टीसी काढून नेऊ नको. गॅपचे नियम, पुन्हा प्रवेशाची मुदत, शिष्यवृत्तीत खंड किती चालतो, हे सगळं लेखी विचारूनच थांब. एटीकेटी लागली (विषय राहून पुढच्या वर्षात गेलास) म्हणून शिष्यवृत्ती बंद, असंही कोणी म्हणेल. महाडीबीटीच्या फॉर्ममध्ये निकालाच्या रकान्यात पास, नापास आणि एटीकेटी असे वेगळे पर्याय दिलेलेच आहेत. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत भर.

त्या पोट्ट्याला काही उत्तर द्यायची गरज नाही. तो रात्री एक वाजता मागवतो तेव्हा त्याचं पार्सल घेऊन जिना चढणारा कदाचित तूच असतोस.

लॉगिन करून अर्ज कोणाच्या नावावर थांबलाय आणि आधारला कोणतं खातं जोडलेलं निघतं, एवढ्या दोन ओळी मला आठ दिवसांत लिहून पाठव. पुढचं मग त्यावर बोलू.